आरसीसीबी सारखी पडते म्हणून ती काढू नका: कारखान्यातल्या विजेच्या या चुका टाळा

मिरगाचा पाऊस बसला की बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यातल्या फाउंड्री आणि मशीन शॉपमधून ठरलेली तक्रार ऐकू येते. आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, सारखी पडते आणि काम अडतं. त्यावरचा उपायही बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो: आरसीसीबी काढायची, वायर थेट एमसीबीला, म्हणजे जास्त करंट गेल्यावर पडणाऱ्या साध्या स्विचला, जोडायची. मशीन चालू होतं, शिफ्ट निभावते आणि वायरमनला शाबासकी मिळते. छोट्या कारखान्यांत विजेची इतकी घातक चूक दुसरी नसेल. पाऊस तर सुरू असतोच, आणि नेमक्या त्या दिवसांत माणसाला वाचवणारी एकमेव वस्तू पॅनेलमधून गेलेली असते.

‘एमसीबी आहे ना’ हे उत्तर पुरेसं नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याहून मोठा करंट दिसल्याशिवाय ती पडत नाही. ओल्या हाताच्या माणसाचा रोध साधारण १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्या अंगातून जेमतेम पाव अँपिअर जातो. एमसीबीच्या हिशेबी ते काहीच नाही, माणसाला मात्र तेवढं जीव घ्यायला पुरतं. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट ताडून बघते. दोन्हींत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या एक तृतीयांशाहून कमी वेळात ती पुरवठा तोडते.

मग ती पडते कशामुळे?

शोधायची रीत सोपी आहे, फक्त घाई नको. आरसीसीबीच्या खालच्या सगळ्या एमसीबी बंद करा, आरसीसीबी चढवा, मग एकेक एमसीबी वर करा. जिच्यावर ती पडेल त्या सर्किटमध्ये गळती आहे. त्या सर्किटवरची यंत्रं सोडवा आणि पुन्हा हाच खेळ करा. फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतीव माल घासून साफ करतात तिथे, बहुतेक वेळा हँड ग्राइंडर सापडतो. बिडाची बारीक धूळ त्याच्या आत बसते, पावसाळी दमट हवेत ती ओल धरते आणि वाइंडिंगपासून बॉडीपर्यंत वाट तयार होते. मोल्डिंगच्या वाळूतली कोळशाची पूडही तेच करते. ग्राइंडर उघडून हवेने साफ करा, कार्बन ब्रश आणि केबल जिथे आत शिरते ती जागा बघा. मोटर असेल तर टर्मिनल बॉक्सचं झाकण आणि ग्लँड (केबल आत शिरते तिथली घट्ट बूच) तपासा. तिथे पाणी शिरलेलं हमखास आढळतं. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजायच्या मीटरवर) वाइंडिंग ते बॉडी १ मेगओहमपेक्षा कमी आलं, तर मोटर वाळवल्याशिवाय चढवू नका. ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) जोडलेला असेल तर मेगर लावण्याआधी तो सोडवा, नाहीतर त्यातली इलेक्ट्रॉनिक्स उडते.

एक प्रकार जुन्या वायरमनलाही चकवतो. सगळ्या एमसीबी बंद असतानाही आरसीसीबी पडते, म्हणून तीच खराब म्हणून फेकली जाते. कारण वेगळं असतं. एका पोलची एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. कुठे तरी न्यूट्रल अर्थिंगला टेकला असेल, किंवा एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्या आरसीसीबीवरून घेतला असेल, तर फेज बंद करूनही हिशेब जुळत नाही. न्यूट्रल एकेक करून सोडवून बघा, दोष सापडतो.

ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थिंगला जातोच. चार-पाच ड्राइव्ह एका ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर टाकले की ती पडणारच. त्यांना स्वतंत्र सर्किट द्या आणि ड्राइव्ह बनवणाऱ्याने सांगितलेल्या प्रकारची आरसीसीबी बसवा. हातात धरायची यंत्रं आणि सॉकेट मात्र ३० वरच राहू द्या. टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर पडली नाही, तर ती त्याच दिवशी बदला.

खड्डा नवीन आहे, म्हणजे अर्थिंग झालं?

नाही. समजा खड्ड्याचा रोध ५ ओहम भरला. अगदी चांगलाच म्हणायचा. एलटी (कमी दाबाच्या) कनेक्शनवर फेज बॉडीला लागला आणि करंटला परतायला जमिनीचीच वाट असली, तर फार तर ४६ अँपिअर वाहतील. ३२ अँपिअरची एमसीबी तेवढ्यावर झटकन पडत नाही, आणि तोवर मशीनचा सांगाडा जिवंत राहतो. म्हणजे नुसत्या खड्ड्यावर भिस्त ठेवता येत नाही, आरसीसीबी लागतेच. शिवाय खड्ड्यापासून मशीनपर्यंतची पट्टी सलग हवी. ती कुठे गंजून तुटली आहे आणि कुठल्या बोल्टवर रंग चढलाय, हे कोणी बघत नाही. रोध एप्रिल-मेमध्ये मोजा, जमीन कोरडी असते तेव्हाच तो सगळ्यात वाईट येतो. आणि पिनेचा तिसरा पाय कापून वापरलेलं एक्स्टेंशन दिसलं तर सरळ भंगारात टाका.

‘लाइट गेलीय’ म्हणून पॅनेलमध्ये हात घालणं

हेस्कॉमचा (आपल्या भागातल्या वीज कंपनीचा) पुरवठा गेला म्हणजे पॅनेल मेलं असं नसतं. जनरेटर कधीही चढू शकतो, सोलर किंवा यूपीएसची लाइन आतच असते. मेन बंद करून त्याला कुलूप घाला. किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात राहिली पाहिजे, ऑफिसात नव्हे. नुसता ‘काम चालू आहे’ असा पुठ्ठा टांगून भागत नाही, शिफ्ट बदलताना तो पडतो. निऑन टेस्टर पेटला नाही यावरही विसंबू नका. मीटर आधी चालू लाइनवर तपासा, मग आपल्या लाइनवर लावा आणि पुन्हा चालू लाइनवर तपासा. कपॅसिटर बँक आणि इंडक्शन फर्नेसचं पॅनेल बंद केल्यावरही भरलेलं असतं. नेमून दिलेला वेळ थांबा, डिस्चार्ज करा आणि शून्य दिसल्यावरच हात लावा.

टाकी, बॉयलर, ड्रम यांच्या आत उतरताना २४ व्होल्टचाच हँडलॅम्प न्या. कारखाने कायदा १९४८ च्या कलम ३६ अ मध्ये ही मर्यादा घातलेली होती, आणि साखर कारखान्यांच्या ऑफ सीझनच्या दुरुस्तीत ती सर्रास मोडली जाते.

कोणी चिकटला तर

त्याला ओढायला धावू नका, आधी मेन पाडा. ४१५ व्होल्टपर्यंत, मेन जवळ नसेल तर, कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडाने ढकला. ११ केव्हीची लाइन असेल तर लाकूडही नको. हेस्कॉमने लाइन बंद केल्याचं कळेपर्यंत लांब राहा आणि इतरांनाही लांब ठेवा. सुटल्यावर श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. मदत येईपर्यंत दाब थांबवू नका.

माणूस उठून बसला, चहा प्यायला, म्हणून त्याला परत मशीनवर पाठवणं हीही मोठी चूक आहे. बाहेरून नखाएवढा डाग दिसतो, आत स्नायू भाजलेले असतात आणि हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात. ईसीजी काढल्याशिवाय त्याला घरीही सोडू नका. खानापूर किंवा यळ्ळूरला दुचाकीने एकटा तर मुळीच नको.

जीव गेला किंवा कोणी जखमी झालं, तर वीज कायदा २००३ च्या कलम १६१ नुसार विद्युत निरीक्षकांना कळवावं लागतं. ते येईपर्यंत मेन बंद आणि कुलूपबंद ठेवा. जळालेली वायर, तुटलेली पिन, आरसीसीबीची जागा यांचे फोटो काढून ठेवा आणि दुरुस्तीला हात लावू नका. कामगार ईएसआयखाली (राज्य कामगार विम्याखाली) असेल तर अपघाताची नोंद आणि अहवाल त्याच दिवशी भरा, कारण पुढचा पगार, औषधपाणी आणि त्याच्या घरच्यांचं निवृत्तिवेतन त्याच कागदावर अवलंबून असतं.