साठीनंतर पायांची ताकद वाढवताना या चुका टाळा

माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवरच्या त्यांच्या सकाळच्या फेऱ्या सहसा चुकत नाहीत, आणि तरीही गेल्या पावसाळ्यापासून न्हाणीघरातल्या बुटक्या स्टुलावरून उठताना त्यांचा एक हात गुडघ्यावर आणि दुसरा भिंतीवर जाऊ लागला. रोज एवढे चालूनही असे कसे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि आपल्याकडच्या बहुतेक वयस्क स्त्रियांच्या व्यायामातली पहिली चूक त्या प्रश्नातच आहे.

सपाट जागी चालल्याने दम टिकतो, साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते, म्हणून चालणे मुळीच सोडू नये. परंतु बसलेले शरीर वर उचलण्यासाठी मांड्या आणि नितंबांच्या स्नायूंना जो जोर लावावा लागतो, तो सपाट चालण्यात जवळजवळ लागत नाही. रजोनिवृत्तीनंतर हाडे झपाट्याने विरळ होत असतात आणि स्नायूही घटत असतात, त्यामुळे याच वयात तोल गेला तर खुब्याचे हाड मोडण्याची भीती अधिक असते. जागतिक आरोग्य संघटनेने ६५ वर्षांपुढील व्यक्तींसाठी आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचा आणि ३ दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सुचवला आहे, तो याच कारणासाठी.

आपली ताकद किती आहे हे घरीच पाहता येते. साधारण १७ इंच उंचीची, हात नसलेली लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, दोन्ही हात छातीवर घ्यावेत आणि ३० सेकंदांत पूर्ण उभे राहून किती वेळा बसता-उठता येते ते मोजावे. या वेळी कोणीतरी जवळ असू द्यावे. ६५ ते ६९ वयाच्या स्त्रीला ११ वेळा आणि ७० ते ७४ वयाच्या स्त्रीला १० वेळाही जमत नसेल, तर पडण्याचा धोका वाढला आहे असे समजतात. सासूबाईंचे सात झाले.

याच खुर्चीवर सराव सुरू केला, तेव्हा दुसरी चूक लक्षात आली. त्या उठत व्यवस्थित होत्या, पण बसताना शेवटची चार बोटे अंग सोडून देत, धपकन. स्नायूला खरे काम पडते ते वजन सावकाश खाली नेताना. अजिंक्यतारा चढताना दम लागतो, पण मांड्या थरथरतात त्या उतरताना, हे सातारकरांना सांगायला नको. म्हणून मनात तीन अंक मोजत बसावे. उठण्यापूर्वी पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत आणि नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईल इतके पुढे झुकावे. ताठ बसून उठू पाहिले की सगळा ताण गुडघ्यावर येतो. तरीही जमले नाही तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवावी. श्वास मात्र रोखू नये, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो. उठताना श्वास सोडावा.

गुळगुळीत फरशीवर सरकणारी प्लास्टिकची खुर्ची, पायात घोळणारी साडी आणि झिजलेली सपाता, ही तिन्ही या व्यायामात टाळावीत.

काही जणी वर्षभर तेच दहा उठाबशांचे आकडे मोजत राहतात आणि मग फरक पडत नाही म्हणून सोडून देतात. दहा वेळा सहज होऊ लागले की थोडे कठीण करायलाच हवे: दुसरी फेरी घ्यावी, बसण्याचा वेग आणखी कमी करावा, किंवा एक किलो साखरेची पिशवी छातीशी धरावी. पोटऱ्यांकडे तर कोणाचे लक्षच नसते, वास्तविक ठेच लागल्यावर सावरायला घोटा आणि पोटरीच धावून येतात. ओट्याला हात टेकून टाचा उचलाव्यात. तोलासाठी तिथेच एका पावलासमोर दुसरे पाऊल ठेवून दहा सेकंद उभे राहावे. ओटा घट्ट धरून ठेवला तर तोल हातच सांभाळतात, म्हणून हळूहळू बोटांची टोके तेवढी टेकवावीत.

दुखण्याचा अर्थ ओळखणे फार महत्त्वाचे आहे. दुसऱ्या दिवशी मांडी जड होणे, ठणकणे हे स्नायूने काम केल्याचे लक्षण आहे आणि ते दोन-तीन दिवसांत ओसरते. सांध्यात टोचणारी कळ, गुडघ्याला सूज, उभे राहताच चक्कर किंवा छातीत दडपण जाणवले, तर थांबून डॉक्टरांना दाखवावे. चक्कर कधी कधी रक्तदाबाच्या गोळीमुळेही येते.

आहारात भाकरी-भाजीवर भागवणे हीही चूकच. वयस्क व्यक्तीला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५५ किलोच्या स्त्रीला ५५ ते ६६ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर मटकीची उसळ, दही, दूध, अंडी प्रत्येक जेवणात विभागून घ्यावीत.

ताप येऊन गेला किंवा घरात लग्नकार्य निघाले की सराव तुटतो, आणि परत सुरू करताना जुन्याच आकड्यावर जाण्याची घाई होते. दोन आठवडे खंड पडला असेल तर निम्म्यापासून सुरुवात करावी. सासूबाईंनी दिवाळीनंतर पाचावरून पुन्हा आरंभ केला. संक्रांतीपर्यंत त्यांचे अकरा होऊ लागले होते, आणि न्हाणीघरातल्या भिंतीला हात लावणे बंद झाले होते.