कीबोर्डचा अडॅप्टर गेला? नवा घेण्याआधी हे तपासा

वाजवायच्या कीबोर्डचा अडॅप्टर गेला की नागपुरात बहुतेक जण बर्डीच्या बाजारात जातात, जॅकमध्ये बसेल अशी पिन शोधतात आणि तो अडॅप्टर घेऊन येतात. पण पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालेल, असं मुळीच नाही. चुकीचा अडॅप्टर एकदा लावला तरी आतलं सर्किट जळू शकतं, आणि मुलाच्या शिकवणीसाठी घेतलेला कीबोर्ड दुरुस्तीवाल्याकडे पडून राहतो.

आधी दोष नक्की अडॅप्टरचाच आहे का, ते बघा. सेलची सोय असेल तर नवे सेल टाकून वाजवा. सेलवर नीट चालला, तर कीबोर्ड बरा आहे. दोष अडॅप्टरमध्ये किंवा जॅकमध्ये आहे. जुना अडॅप्टर लावून पिन हलवल्यावर दिवा लागतो-विझतो का? मग जॅकचं सोल्डरिंग सुटलेलं किंवा पिनजवळची वायर आतून तुटलेली असू शकते. जॅक सुटला असेल तर नव्या अडॅप्टरने काहीही सुधारणार नाही.

आता कीबोर्ड उलटा करा. मागे जॅकच्या शेजारी किंवा तळाच्या लेबलवर लागणारं व्होल्टेज लिहिलेलं असतं. पुसलं गेलं असेल तर मॉडेल नंबरवरून कंपनीच्या वेबसाइटवर मॅन्युअल शोधा. त्यात अडॅप्टरचा नंबरही मिळतो. या मजकुराचा मोबाइलवर फोटो काढून घ्या आणि दुकानात तोच दाखवा.

व्होल्टेज तंतोतंत तेवढंच हवं. सेल मोजून अंदाज बांधू नका. यामाहाच्या अनेक पीएसआर कीबोर्डांत दीड व्होल्टचे सहा सेल बसतात, म्हणजे ९ व्होल्ट; पण त्यांचा पीए-१३० अडॅप्टर १२ व्होल्टचा आहे. कॅसिओचा जुना एडी-५ हा ९ व्होल्टचा, तर नंतरच्या अनेक मॉडेल्सना ९.५ व्होल्टचा लागतो. हे ९.५ व्होल्ट साध्या दुकानात सहसा मिळत नाही, तेव्हा तिथे कंपनीचाच अडॅप्टर मागवलेला बरा.

अँपिअरचं तसं नाही. ते लागतात तेवढे किंवा जास्त असले तरी चालतं, कारण कीबोर्ड स्वतःला हवा तेवढाच करंट ओढतो. ८५० मिलीअँपिअर लागत असतील तर १ किंवा २ अँपिअरचा बिनधास्त घ्या. कमी पडला तर मात्र आवाज वाढवल्यावर डिस्प्ले मंद होतो, कीबोर्ड मधेच बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि अडॅप्टर तापत राहतो.

सर्वांत जास्त घात होतो तो प्लस-मायनसमध्ये. लेबलवर मधे एक ठिपका, त्याभोवती अर्धवट गोल आणि दोन्ही बाजूंना प्लस-मायनस असं छोटं चित्र असतं. ठिपक्याला जोडलेली खूण म्हणजे पिनच्या आतली बाजू. यामाहाच्या पीए-१३० मध्ये आत प्लस आहे, कॅसिओच्या एडी-५ मध्ये आत मायनस. दोन्ही पिना दिसायला सारख्याच! घरातल्या वाय-फाय राउटरचा अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा आणि आत प्लसवाला असतो. तो जुन्या कॅसिओला लावला तर व्होल्टेजही जास्त आणि दिशाही उलटी. काही कीबोर्डांत उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोड असतो, काहींत नसतो. त्याच्या भरवशावर राहू नका. व्होल्टेज बदलायचं बटण आणि सुट्ट्या पिना असलेला युनिव्हर्सल अडॅप्टर म्हणूनच मी लहान मुलांच्या घरी सुचवत नाही. बटण सरकलं किंवा पिन उलटी बसली तरी कळत नाही.

अडॅप्टरचं आउटपुट डीसी आहे ना, तेही वाचा. सरळ रेघेखाली तुटक रेघ म्हणजे डीसी, नागमोडी रेघ म्हणजे एसी.

दुकानात मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) बहुधा असतो, समोर तपासून मागा. मीटर डीसी २० व्होल्टवर, लाल टोक पिनच्या आत, काळं बाहेरच्या धातूला. आकडा साधा आला तर आत प्लस. आकड्याआधी वजाची खूण आली तर आत मायनस. ट्रान्सफॉर्मरचा जड, जुन्या पद्धतीचा अडॅप्टर लोड नसताना ९ ऐवजी १२-१३ व्होल्टही दाखवतो. त्यापेक्षा नव्या पद्धतीचा, हलका एसएमपीएस अडॅप्टर घ्या. तो लिहिलेल्या आकड्याच्या अगदी जवळ राहतो. अडॅप्टरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नंबर हवा. तो नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून खरा-खोटा लगेच बघता येतो. फुटपाथवरच्या बिननावाच्या अडॅप्टरमध्ये वाचणारे शे-दोनशे रुपये घरच्या सुरक्षिततेपुढे काहीच नाहीत.

पिनची जाडी शेवटी बघा. बाहेरून ५.५ मिलिमीटर सारखीच असली, तरी आतलं भोक २.१ किंवा २.५ असू शकतं. सैल बसली तर स्पार्किंग होतं.

घरी आणल्यावर आधी पिन कीबोर्डात घाला, मग भिंतीवरच्या स्विचबोर्डाचं बटण सुरू करा. कूलर आणि कीबोर्ड एकाच एक्स्टेंशनवर लावू नका. कूलरची मोटर सुरू-बंद होताना झटका बसतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, म्हणून अडॅप्टर गादीवर किंवा पडद्यामागे न ठेवता मोकळ्या हवेत ठेवा. कोमट झाला तर हरकत नाही. हात ठेववत नसेल तर ताबडतोब काढा. पहिल्या दिवशी ताल लावून अर्धा तास वाजवा. सेलवर नसलेली घरघर अडॅप्टरवर ऐकू आली, तर बिल घेऊन तो बदलून आणा.