बायोमटेरियल्समध्ये मास्टर्स करायचंय? मालवणहून निघालेल्या मुलीचे चार शब्द

बी.एस्सी. केमिस्ट्री किंवा बी.फार्म. झालेली आपल्याकडची मुलं मला पहिला प्रश्न विचारतात तो असा, की ही लाईन केमिस्ट्रीवाल्यांची की बायोलॉजीवाल्यांची? दोघांची. गुडघ्याच्या सांध्यातला धातू, डोळ्यात बसवलेली लेन्स, आपोआप विरघळणारा टाका हे सगळे बायोमटेरियल्स. पदार्थाने आपलं काम करायचं आणि शरीरानेही त्याला सांभाळून घ्यायचं. यातली एकच बाजू शिकून भागत नाही.

स्वीडनच्या ब्रेनेमार्क यांना टायटॅनियमला हाड घट्ट धरून ठेवतं असं दिसलं आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचं दंतरोपण बसवलं. ज्या इल्मेनाइट या खनिजापासून टायटॅनियम मिळतं, ते रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे. आपल्या देशातलं मोठं काम बघायचं तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची हृदयाची झडप बघा. १९९०च्या डिसेंबरमध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. मुलाखतीला जाण्याआधी तिच्यात कुठला भाग कशाचा आणि का, हे जरूर वाचून जा.

आता प्रवेशाचं. एम.टेक.साठी गेट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, परीक्षा फेब्रुवारीत, आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. २०२० पासून बायोमेडिकल इंजिनीअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे. त्यात सर्किट्सही बरीच येतात, त्यामुळे केमिस्ट्रीकडून येणाऱ्यांना मी एक्सई (इंजिनीअरिंग सायन्सेस) पेपर सुचवते. गणित सक्तीचं, बाकी मटेरियल्स सायन्स आणि पॉलिमर सायन्स हे दोन विभाग घेता येतात. कोणत्या संस्थेत कोणती पदवी आणि कोणता पेपर चालतो, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा, ऐकीव माहितीवर राहू नका. तीन वर्षांची बी.एस्सी. असेल तर आधी जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी. करणं हा सरळ रस्ता. केंद्रीय संस्थांत गेटमधून आलेल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये मिळतात. आंब्याचा हंगाम हातचा गेला तरी मेसचं बिल घरी मागावं लागत नाही, हे आपल्याकडच्या घरांत फार मोठं आहे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते, पण व्हिसासाठी वर्षाचा खर्च खात्यात दाखवावा लागतो. २०२४च्या सप्टेंबरपासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे.

संस्थेच्या नावापेक्षा गाईड आणि लॅब बघा, हे मी कळकळीने सांगते. पदार्थ बनवणं आणि त्यावर पेशी वाढवणं ही दोन्ही कामं एकाच लॅबमध्ये होतात का? पेशी दुसऱ्या विभागाकडे पाठवायच्या असतील तर तुमचे नमुने तिथल्या रांगेत पडून राहतात, आणि 'पेशी मेल्या' एवढाच निरोप येतो. का मेल्या ते कळत नाही. गाईडना मेल करताना त्यांचा एक पेपर नीट वाचून त्यातला एक खरा प्रश्न विचारा. सध्याच्या विद्यार्थ्यांशीही बोला, ते खरं सांगतात.

माझा विषय होता कायटोसान, म्हणजे कोळंबीच्या सालापासून मिळणारा पदार्थ, आणि त्याची जखमेवरची पट्टी. मालवणजवळच्या सर्जेकोटला सालं मागायला गेले तेव्हा सोलणाऱ्या मावशीने विचारलं, "गो बाय, ह्या सालांचा काय करतलंस?" सांगितल्यावर तिने पिशवी भरून दिली, वर कुठल्या कोळंबीचं साल जाड आणि कुठलं पातळ तेही वेगवेगळं करून दाखवलं. ही माहिती पुढे सोन्यासारखी उपयोगी पडली, कारण साल बदललं की कायटोसानही बदलतं. म्हणून प्रत्येक खेपेची जात, बंदर, तारीख वहीत लिहायची. जूनपासून पावसाळी मासेमारी बंद असते, तेव्हा मेमध्येच सालं धुऊन, वाळवून साठवावी लागतात.

भरडलेली सालं आधी सौम्य कॉस्टिक सोड्यात, प्रथिनं काढायला. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात, चुना काढायला. आम्ल पडताच फस्सकन फेस वर येतो, तो कार्बन डायऑक्साइड. म्हणून मोठं बीकर घ्या आणि थोडं थोडं ओता. उरतं ते कायटिन. ४०-५० टक्के कॉस्टिकमध्ये ते तापवलं की कायटोसान मिळतं. ते एक-दोन टक्के ॲसेटिक आम्लात विरघळवून फिल्म ओततात, आणि खरी मेख इथे आहे. आम्ल फिल्ममध्ये राहिलं तर पेशी मरतात आणि बोल लागतो कायटोसानला. फिल्म सौम्य कॉस्टिकमध्ये उदासीन करा, बफरने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) धुवा, धुवणाचा पीएच मोजा, मगच पेशींकडे न्या. पेशींचं लाल-गुलाबी माध्यम पिवळं पडू लागलं तर आम्ल वाढतंय असं समजा. आयएसओ १०९९३ या वैद्यकीय उपकरणांच्या जैविक चाचण्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पाचव्या भागानुसार जिवंत पेशींचं प्रमाण तुलनेच्या नमुन्याच्या ७० टक्क्यांखाली गेलं, तर पदार्थ पेशींना घातक धरतात.

तोंडी परीक्षेत या विषयावर एक प्रश्न हमखास येतो: कोळंबीची ॲलर्जी असलेल्या रुग्णाचं काय? ही ॲलर्जी मुख्यतः ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे होते. त्यामुळे आपल्या नमुन्यात प्रथिन किती उरलंय, ते मोजलेलं असलं पाहिजे.

पेशींना रविवार कळत नाही. चतुर्थीला गावी जायचं तर आधी त्या डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं रसायन) घालून गोठवून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा, किंवा लॅबमेटशी पाळी ठरवा. मी दोन्ही केलं आणि गणपती चुकवले नाहीत. प्राण्यांवरचे प्रयोग करायचे असतील तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी पहिल्या वर्षीच मागा. दोन वर्षांच्या डिग्रीत तिची वाट बघणं परवडत नाही.

पुढे पीएच.डी. आहेच. शिवाय २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांमुळे चाचण्या आणि कागदपत्रं जाणणारी माणसं कंपन्यांना हवी असतात. पुणे, वापी, सुरत इथे स्टेंट, टाके, इम्प्लांट बनवणारे उद्योग आहेत. अर्जासोबत प्रबंधाचा सारांश पाठवा आणि आयएसओ १०९९३च्या कुठल्या चाचण्या तुम्ही स्वतः केल्या, ते पहिल्या पानावर लिहा.