क्लाउडमध्ये पत्त्याची तोतयेगिरी: स्वतः तपासून बघा

ओपनस्टॅक या क्लाउड-प्रणालीचं नेटवर्क सांभाळणाऱ्या न्यूट्रॉनमध्ये पोर्ट सिक्युरिटी (खोट्या पत्त्याची पॅकेट्स अडवणारी गाळणी) चालू दिसली म्हणून निर्धास्त राहू नका. २०२१ मध्ये उघड झालेली एक त्रुटी अशी होती, की लिनक्सब्रिज ड्रायव्हर (आभासी नेटवर्क जोडणारा भाग) आणि ईबीटेबल्स-एनएफटी (लिनक्समधलं पॅकेट गाळायचं साधन) एकत्र असले की व्हीएमला (आभासी संगणकाला) दुसऱ्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) लावून वावरता यायचं. त्याच वर्षी ओपन व्हीस्विच या आभासी स्विचच्या फायरवॉलमध्ये आयपीव्ही६ (नव्या प्रकारच्या आयपी) पत्त्यांची तशीच पळवाट सापडली.

न्यूट्रॉन अपडेट झाल्यावर आपल्याच प्रोजेक्टमधल्या चाचणीच्या व्हीएमवर मॅक बदला, दुसऱ्या व्हीएमवर टीसीपीडंप (येणारी पॅकेट्स दाखवणारं साधन) लावा आणि पहिल्यावरून त्याला पिंग करा. एआरपीचं (आयपीवरून मॅक पत्ता विचारणारं) एक पॅकेट जरी पोहोचलं, तरी गाळणी फुटकी आहे. आयपीव्ही६वरही करा, नेमकं तेच राहून जातं. शिवाय ‘अलाउड ॲड्रेस पेअर्स’मध्ये (पोर्टला जादा वापरू दिलेल्या पत्त्यांच्या यादीत) कुणी घाईत ०.०.०.०/० टाकून ठेवलंय का बघा. तसं असेल तर त्या पोर्टवरून कुठलाही आयपीव्ही४ पत्ता खपतो.