चांदीच्या जुन्या चमच्यावरचे शिक्के: अक्षर सगळ्यात शेवटी वाचा

मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर किंवा आजोळच्या पेटीत इंग्रजी घाटाचा काळवंडलेला चमचा हाती लागला, की जो तो भिंग लावून आधी त्यावरच्या शिक्क्यांतलं सालाचं अक्षर शोधतो. ‘ए’ दिसला, तक्ता उघडला, साल मिळालं! गंमत अशी, की १९७५ पूर्वी लंडनचा ‘ए’ साधारण दर वीस वर्षांनी परत येई आणि प्रत्येक शहराचा तक्ता निराळा असे. म्हणून अक्षराला हात सर्वांत शेवटी.

सुरुवात स्वच्छतेपासून, पण घासायचं नाही. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ फडकं, बस्स. रांगोळी आणि टूथपावडरने आपल्या घरांतले कितीतरी शिक्के पुसून टाकले आहेत. सुरी असेल तर भिजत टाकू नका; तिची मूठ बहुधा पोकळ असते, आत राळ भरलेली, आणि गरम पाण्यात ती सुटते. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि टॉर्च तिरका धरा. समोरून उजेड मारला तर सगळंच चकाकतं आणि काहीच दिसत नाही. शिक्का फारच झिजलेला असेल तर त्यावर टाल्कम पावडर हलक्या हाताने चोळून वरून पुसा. खाचांत राहिलेली पावडर आकार उठवून दाखवते.

चमचा उलटा करा. शिक्के दांडीवर नेमके कुठे आहेत? साधारण १७८० पर्यंत ते दांडीच्या खालच्या भागात, वाटीच्या बाजूला मारत. त्यानंतर ते वरच्या टोकाकडे सरकले. खालचे शिक्के बऱ्याचदा चेपलेले दिसतात, कारण ते मारल्यावर दांडी पुन्हा ठोकून नीट केली जाई. तेव्हा चेपलेला शिक्का म्हणजे नकली, असं लगेच समजू नका.

आता सिंह शोधा. एक पंजा उचलून डावीकडे चाललेला हा सिंह इंग्लंडमध्ये स्टर्लिंगची, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदीची खूण आहे. तो नसेल आणि ‘ई.पी.एन.एस.’ ही अक्षरं वेगवेगळ्या चौकटींत रुबाबात बसलेली असतील, तर तो निकेल सिल्व्हरवरचा चांदीचा मुलामा. निकेल सिल्व्हर, म्हणजेच जर्मन सिल्व्हर, यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी औषधालाही नाही. लोहचुंबक लावून पाहण्यात अर्थ नाही. चांदी चिकटत नाही आणि हा धातूही सहसा चिकटत नाही. त्यापेक्षा वाटीची पाठ पाहा. चमचा टेबलावर टेकतो तिथला मुलामा आधी उडतो आणि खालचा धातू डोकावतो.

सिंह सापडला की शहर, म्हणजे चांदी तपासून शिक्का जिथे मारला ते ठिकाण. लंडनचं चिन्ह बिबट्याचं डोकं, बर्मिंगहॅमचं नांगर, म्हणजे जहाजाचा. शेफिल्डचं १९७४ पर्यंत मुकुट, पुढे गुलाब. एडिंबराला किल्ला असतो, पण तिथल्या जुन्या चांदीवर हा सिंह शोधत बसू नका. १७५९ पासून तिथे त्याच्या जागी काटेरी थिसलचं फूल मारत.

मग राजाचं किंवा राणीचं डोकं आहे का ते बघा. १७८४ ते १८९० या काळात चांदीवरचा कर भरल्याची ती पावती. त्याचा उपयोग असा: लंडनचा मोठा चमचा आहे, अक्षर साधं लहान ‘ए’. ते १७७६चंही असू शकतं आणि १८१६चंही. दोन्हीकडे बिबट्याच्या डोक्यावर मुकुट आहेच, कारण तो १८२१ साली उतरला. पण राजाचं डोकं असेल तर १७७६ बाद. नसेल आणि शिक्के वाटीजवळ असतील, तर १७७६ची बाजू भक्कम. एवढं झाल्यावर तक्ता उघडा आणि अक्षराइतकंच त्याच्या चौकटीच्या आकाराकडे लक्ष द्या. लंडनचं अक्षर तेव्हा मे महिन्यात बदले, म्हणून उत्तर ‘१७७६–७७’ असं जोडसालात लिहायचं.

उरतात कारागिराची आद्याक्षरं. वळणदार ‘एच.बी.’ दिसलं की विक्रेता हेस्टर बेटमन या लंडनच्या विधवा कारागिरणीचं नाव घेणार. तिने आपला शिक्का १७६१ साली नोंदवला होता. नाव मोठं आहे, म्हणून तर साल आणि आद्याक्षरांचा मेळ आधी बसवा. वाटीवर फळांची उठावदार नक्षी असेल तर आणखी जपून. साध्या जुन्या चमच्यांवर व्हिक्टोरियाच्या काळात अशी नक्षी पुष्कळ ठोकली गेली. शिक्का खरा, नक्षी नंतरची.

सिंहाऐवजी ‘८००’ आणि चंद्रकोर-मुकुट असेल तर चमचा जर्मन, १८८८ नंतरचा. शिरस्त्राण घातलेली रोमन देवी मिनर्व्हा फ्रान्सची. गोव्यातल्या घरात रानडुकराचं डोकं दिसलं तर ते १८८७ ते १९३७ मधलं पोर्तुगीज काम. त्यानंतर तिथे गरुड आला. आणि ‘ओ.एम.’ सोबत ‘भुज’ असेल तर इंग्रजी तक्ते मिटून ठेवा. तो कच्छचे चांदीकारागीर ओमरसी मावजी यांचा स्वतःचा शिक्का आहे. त्यात शहराचं चिन्हही नाही आणि सालाचं अक्षरही नाही.