जुन्या लॅपटॉपची रॅम वाढवली, माझा अनुभव

सेकंडहँड घेतलेला लॅपटॉप, इंटेलचा चौथ्या जनरेशनचा आय५ प्रोसेसर, रॅम फक्त ४ जीबी, ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब उघडले की हँग. मग ८ जीबीची डीडीआर३ प्रकारची स्टिक (रॅमची पट्टी) आणली, लावली, आणि स्क्रीन काळी ती काळीच. पंखा फिरतोय, लाईट लागतोय, पण डिस्प्ले काही येईना. खरं सांगतो, पोटात गोळा आला.

जुनी स्टिक परत लावली तर लगेच चालू झाला, म्हणजे मदरबोर्ड ठीक होता. मग दोन्ही स्टिकवरचे स्टिकर नीट वाचले. जुनीवर पीसी३एल, नवीवर नुसतं पीसी३. तो 'एल'च सगळं आहे! एलवाली १.३५ व्होल्टवर चालते, साधी १.५ मागते, आणि ह्या जनरेशनचे लॅपटॉप १.३५ च देतात. पिना दोन्हीला २०४ च, खाचपण सारखीच, त्यामुळे चुकीची स्टिक अगदी आरामात बसते आणि म्हणूनच फसायला होतं.

स्टिक बदलून पीसी३एलवाली आणली. चार्जर आणि बॅटरी काढली, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरलं, स्टिक तिरकी आत सरकवून खाली दाबली. तरी जुनी ४ आणि नवी ८ मिळून १२ जीबीच्या जागी ४ च दिसत होते, कारण नवी स्टिक पूर्ण आत गेलीच नव्हती, सोनेरी पट्टी थोडी बाहेर दिसत होती. पुन्हा काढून घट्ट बसवली, दोन्ही बाजूचे क्लिप टक् करून लागले आणि १२ जीबी दिसले. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेवला, सकाळी एकही एरर नाही.