जुना स्पीकर उघड्या फळीवर बसवताना या चुका टाळा

इंदूरच्या रामबाग, नारायण बाग अशा वस्त्यांतल्या जुन्या मराठी घरांच्या माळ्यावरून अजूनही व्हॉल्व्हचे रेडिओ उतरतात. त्यातला आठ इंची कागदी स्पीकर काढायचा आणि मागे पेटी न करता नुसत्या फळीवर बसवायचा, यालाच ओपन बॅफल म्हणतात. जमून आलं तर गाणाऱ्याचा आवाज खोलीत मोकळा उभा राहतो. पण पुष्कळदा पहिल्याच दिवशी आवाज पातळ येतो किंवा घरघर ऐकू येते आणि लगेच निकाल लागतो, ‘स्पीकर गेला, कबाड्याला द्या.’ ही घाई करू नका. असे स्पीकर आता बनत नाहीत. त्याच्या कोनाला, म्हणजे हलणाऱ्या कागदी शंकूला, हात लावण्याआधी फळी आणि बसवणी तपासा.

आवाज पातळ येतो तेव्हा

फळी म्हणजे स्पीकरचं नुसतं स्टँड, हा समज सगळ्यात महागात पडतो. कोन पुढे हवा ढकलतो त्याच क्षणी मागची हवा ओढतो. या दोन लाटा फळीच्या कडेवरून एकमेकींना भेटल्या की खर्ज कटतो. ६० सेंमी रुंद फळीच्या मधोमध स्पीकर असेल, तर मागची लाट पुढे यायला साधारण तेवढंच अंतर कापते. मग २९० हर्ट्‌झच्या खाली आवाज उतरू लागतो आणि आणखी खाली दर सप्तकाला सुमारे ६ डेसिबलने घटत जातो. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मध्य षड्ज १३९ हर्ट्‌झच्या आसपास, तर मंद्र षड्ज ६९ च्या आसपास असतो. आपल्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा एखादा विलंबित ख्याल लावा. अरुंद फळीवर मध्य सप्तक छान वाटेल, पण ते मंद्रात उतरले की सूर कळेल आणि त्याचं वजन मात्र गेलेलं असेल.

रुंदी ८०-९० सेंमी घ्या, किंवा दोन्ही बाजूंना बिजागरीवर मागे वळणारे पंख लावा. फळी जमिनीला टेकलेली हवी, खाली फट नको. आणि स्पीकर बरोब्बर मधोमध बसवू नका. कडा सारख्याच अंतरावर असल्या की एकाच सुराजवळ आवाजात खड्डा पडतो. वरच्या उदाहरणात तो ५७० हर्ट्‌झच्या जवळ, म्हणजे गळ्याच्या आवाजाच्या ऐन गाभ्यात येतो. अंतरं वेगवेगळी ठेवली की तो उथळ होतो.

एक गोष्ट मात्र कितीही मोठ्या फळीने सुटत नाही. हॉर्नसाठी (भोंग्यासाठी) बनलेले, जबर मॅग्नेटचे, ०.३-०.४ क्यूटीएसचे (कोनाची हालचाल किती आवरली जाते ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे जास्त आवर) स्पीकर इथे खर्ज देणार नाहीत. क्यूटीएस ०.७ च्या आसपास किंवा जास्त हवा. रेडिओचे स्पीकर मुळात पाठ उघड्या पेटीसाठीच बनलेले, म्हणून ते फळीवर खुलतात.

घरघर येते तेव्हा

जुनी फ्रेम पातळ पत्र्याची असते. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा घेतला की ती पिळते आणि व्हॉइस कॉइल (कोनाला जोडलेलं तारेचं वेटोळं) मॅग्नेटच्या फटीत घासते. फ्रेमखाली कॉर्कची किंवा नमद्याची पट्टी द्या आणि समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे करत आवळा. ताकद लावायची गरज नसते.

तपासायला दोन्ही हातांची बोटं कोनाच्या मध्याजवळ समोरासमोर ठेवा, सारख्या दाबाने हलकेच आत ढकला आणि कान जवळ न्या. खरखर आली तर सगळे स्क्रू सैल करून पुन्हा ऐका. थांबली, तर कॉइल धडधाकट आहे, बसवणी चुकली आहे. नाही थांबली, तर स्पीकर १८० अंशांत फिरवून बसवा. वर्षानुवर्षं एका बाजूला झुकलेला कोन यानं कधी कधी मधोमध येतो.

खरखर नाही आणि तरी घरघर आहे? फोनवरून हळू आवाजात ४० ते २०० हर्ट्‌झचा सूर चढवत न्या. घरघर आली की फळीवर तळहात दाबा. आवाज बदलला तर दोष फळीत आहे. १८ मिमीचा प्लाय घ्या आणि मागे आडवी पट्टी ठोका. एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी) पावसाळ्यात फुगतो, मला तो पसंत नाही. कोनाला जाणाऱ्या वेणीच्या तारा कागदावर आपटत नाहीत ना, हेही बघा.

लाकडी स्क्रूऐवजी टी-नट (फळीत मागून रुतवायचे नट) आणि बोल्ट वापरा, सियागंज बाजारात सहज मिळतात. मॅग्नेट स्क्रूड्रायव्हर ओढून घेतो आणि टोक सरळ कोनात घुसतं, म्हणून एक हात आडवा धरा. मिस्त्री जिगसॉ चालवत असताना स्पीकर दुसऱ्या खोलीत, झाकून ठेवा. लोखंडाचा कीस फटीत गेला की काढणं फार कठीण. भोकाची मागची कड ४५ अंशांत तासून घ्या, म्हणजे पाठीमागची हवा कोंडत नाही.

तारा जोडण्याआधी

रेडिओच्या स्पीकरवर पुष्कळदा छोटा आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) तारा त्याच्या प्रायमरीला, म्हणजे रेडिओकडच्या बाजूला, लावल्या तर जेमतेम कुजबुज येते. त्या थेट व्हॉइस कॉइलला जोडा. मीटरवर ३ ते ७ ओहम दिसले की ठीक. फिलिप्सने काही स्पीकर ८०० ओहमचेही बनवले होते, ते आजच्या ॲम्पवर नीट वाजणार नाहीत. फील्ड कॉइलच्या स्पीकरला कायमचा मॅग्नेट नसतो, त्याला वेगळा डीसी पुरवठा लागतो आणि तिथला विजेचा दाब जिवावर बेतू शकतो. जाणकाराशिवाय हात लावू नका.

दोन स्पीकर असतील तर दीड व्होल्टचा सेल दोन्हींच्या टोकांना सारखाच, क्षणभर लावून तपासा. दोन्ही कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत. खुणांवर विसंबू नका, जेबीएल कंपनीच्या जुन्या स्पीकरमध्ये लाल टोकाला प्लस लावल्यावर कोन आत जातो.

उघड्या फळीवर कोनाला पेटीतल्या हवेचा आधार नसतो. पाच-दहा वॉटच्या स्पीकरवर खर्ज वाढवू नका. ॲम्पच्या आधी ८० हर्ट्‌झच्या आसपास लो-कट (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावा. फळी मागच्या भिंतीपासून निदान एक मीटर पुढे हवी.

कागदाला बारीक चीर असेल तर मागून टिश्यू पेपरचा तुकडा पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने चिकटवा. कडेच्या वळ्यांवर मात्र फेव्हिकॉल नको, त्या कडक होतात आणि खर्ज जातो. रात्रभर वाळू द्या, मग हळू आवाजात सुरू करा.